तिसरी बोट

चोर आहात तुम्ही. पाण्याचे नव्हे, पाणी आभाळातून पडतं, ते कुणाच्या बापाला चोरता येत नाही. तुम्ही काठाचे चोर आहात. अर्धपोटी मजुरांनी फावड्यांनी खणलेला हा कालवा, आणि त्याच्या काठाला आज कुणी बोट बांधावी नि कुणी नाही हे तुम्ही ठरवता, उबेला बसून, मोजे न भिजवता. एका जागी चौदा दिवस झाले की हला म्हणता. हलायला जावं तर वाटेतलं लॉक, बोटी चढवायचा-उतरवायचा हौद, दुरुस्तीला बंद करून ठेवता, आणि वर विचारता, बाई, तुम्ही हलला का नाहीत? हिवाळाभर बोट बांधायच्या जागा वाटता, त्या ज्याचं बोट आधी फोनच्या बटणावर पडेल त्याला. ज्याचा फोन बुडाला त्यानं काय करावं? स्वतःही बुडावं? मोठी माणसं तुम्ही! सबंध बेट पाण्यानं वेढलेलं, आणि त्यात एका म्हातारीला एक खुंट ठोकायला जागा नाही!

असं डोरीन पॅजेट सुकाणूचा दांडा काखेत धरून, समोर नसलेल्या कालव्याच्या साहेबांना मोठमोठ्यानं बोलत होती. ऐकायला एक बगळा होता, तोही उडून पुढच्या झुडपापाशी जाऊन बसला, मग पुन्हा उडाला. इंजिनाच्या धडधडीत अर्धे शब्द बुडत होते आणि म्हणूनच तिला बोलायला बरं वाटत होतं. उत्तरेकडं एका लॉकच्या फुटक्या दारानं तिला आठवड्यांवर आठवडे अडकवून ठेवलं होतं. दुरुस्त करणारे रोज यायचे, दाराकडं बघून मान हलवायचे, सँडविच खायचे नि जायचे. त्यामुळं उशीर झाला. नाहीतर ऑक्टोबरची पानं गळायच्या आत ती दरवर्षी इथं असायची, शहराच्या या कडेला, जिथं वरच्या लॉकमधून उतरलं की उजव्या हाताला चार अल्डरची झाडं आहेत आणि त्यांच्याखाली हेझलची हिरवी ‘जुनिपर’ बांधलेली असते, आणि जुनिपरच्या बाहेरच्या अंगाला दोन रिकामे दोर वेटोळं करून ठेवलेले असतात. ते दोर कुणासाठी, हे नऊ हिवाळ्यांत कुणी कुणाला विचारलं नव्हतं. डोरीन यायची, आपली ‘लॅपविंग’ अलगद जुनिपरच्या कुशीला लावायची, हेझल दोर फेकायची, डोरीन झेलायची. की हिवाळा लागला.

सोमवारी दोन्हीकडची लॉकं मार्चपर्यंत बंद होणार होती. आज शनिवार. म्हणजे वेळ होता. ती वळणावर आली, इंजिन हळू केलं, कारण बांधलेल्या बोटींजवळून जाताना हळू जायचं असतं, नाहीतर लाटेनं लोकांच्या कपातला चहा सांडतो, आणि झाडांखाली बघितलं. जुनिपर होती. आणि तिच्या कुशीला एक बोट होती. निळी. नवी कोरी निळी, छतावर काळी सौर पॅनेलं, खिडक्यांना पितळी कड्या, आणि नाव कसलं तर ‘स्टारलाइट’. लॉकमध्ये झडप उघडल्यावर बोट पहिल्यांदा अंगभर हलते आणि मग खाली जायला लागते, तसं डोरीनचं झालं. पायाखालचं लोखंड तेच होतं, सुकाणू हातात होतं, पण ती खाली चालली होती.

आणि दोर. काय बघायचं ते बघायचं सोडून तिची नजर दोरावर गेली. निळ्या बोटीच्या पुढच्या डेकवर एक बाई वाकली होती, चाळिशीची असेल, केस कापलेले, हातमोजे लाल. तिच्याजवळ हेझल उभी, कमरेवर हात ठेवून. ती बाई खुंटाभोवती दोराचे वेढे घेत होती, मग दोराचा फासा ताणलेल्या दोराच्या खालून काढून पुन्हा खुंटावर टाकत होती. ती डोरीनची गाठ होती. तिच्या आईबापांनी काही तिला दिलं नव्हतं, ही गाठ तिनं एका म्हाताऱ्या मालवाहू नावाड्याकडून मिळवली होती, आणि सबंध कालव्यावर तिनं ती एकाच माणसाला दिली होती. कितीही ताण येऊ दे, ही गाठ आवळत नाही, हातानं सुटते. आणि हेझल बोलत होती ते पाण्यावरून सरळ डोरीनच्या कानात आलं. “बांधायला कुणालाही येतं गं. सोडता आलं पाहिजे.” वाक्यही डोरीनचंच. ‘गं’ वरचा झटकासुद्धा.

“डोरीन!” हेझलनं मान वर केली. “अगं बये! मला वाटलं मेलीबिलीस की काय!”

“मेले असते तर एव्हाना वास आला असता.”

“फोन का उचलत नाहीस? किती वेळा केला मी!”

“फोन जुलैत पाण्यात पडला.”

“मग मला कसं कळणार? चातकासारखी वाट बघत बसू? थांब, चहा टाकते.”

“पुढं जायचंय,” डोरीन म्हणाली. इंजिन इतकं हळू होतं की दोन बोटींच्या खिडक्या एकेक करून तिच्यापुढून सरकत होत्या, प्रत्येक खिडकीत थोडी थोडी डोरीन दिसत होती.

“पुढं काय आहे गं? साबणाच्या कारखान्याची भिंत आहे पुढं!”

“मग भिंतीलाच भेटायचंय.”

हातमोजेवाली उभी राहिली, हसली. हसणं चांगलं होतं, तेच वाईट होतं. “तुम्ही डोरीन ना? मी टॅमसिन. माझं इंजिनच बसलं, हेझलनं ओढत आणलं मला. ती सारखं तुमचंच सांगत असते. माझा दोर वाकडा पडला की म्हणते, थांब, डोरीनला येऊ दे, मग बघ.”

“आले की,” डोरीन म्हणाली. “बघितला. वाकडाच आहे.”

हेझल मोठ्यानं हसली आणि मग हसता हसता मधेच थांबली. डोरीनला ते थांबणं पाठीला लागलं, पण तोवर लॅपविंग झाडांच्या पुढं आली होती आणि मागं वळून बघायचं म्हणजे सुकाणू वाकडं व्हायचं.

टॅनर्स लॉक तिथून हाकेच्या अंतरावर. कालव्याच्या मधे दोन दारांचा एक दगडी हौद, त्यात बोट घालायची, दार लावायचं, खालच्या दाराची झडप उचलायची, पाणी सुटतं, बोट खाली उतरते, खालचं दार उघडून बाहेर पडायचं, आणि जाताना झडप पाडायची. एकट्या बाईला अर्धा तास. दुखऱ्या कमरेच्या बाईला त्याहून जास्त. या लॉकचं वरचं दार इतकं गळकं की त्याखाली हत्ती धुवावा. म्हणून तर दुरुस्ती. डोरीननं सगळं केलं. हात करत होते. लोखंडी हँडल झडपेच्या दांड्याला लावून फिरवताना तिला झाडांकडून हसणं ऐकू आलं, दोन बायकांचं, एक तिच्या ओळखीचं आणि एक नवं, आणि तिला वाटलं ते आपल्यावर आहे. मग वाटलं, आपल्यावर नाहीच, आपल्यावर असतं तर बरं झालं असतं. मग बोट बाहेर, खालचं दार ढकललं, पायऱ्या उतरली, निघाली.

भिंतीपाशी तिनं बोट बांधली. काठ कसला, विटांचा ढीग. खुंट ठोकला तर ठणकन उलटा आला, शेवटी भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपाला दोर घातला. भिंतीवर कुणीतरी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एका मुलीला शिवी लिहिली होती. इथं पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, कोळसेवाला येत नाही, आणि चौदा दिवसांनी तुम्ही येणार, हला म्हणायला. बर्फ असेल तेव्हा. मग ती बोटीच्या नाकानं बर्फ फोडत, एकटी, त्या कमरेनं, पुढच्या चौदा दिवसांच्या जागेकडं जाणार, आणि एखाद्या दिवशी नाही जमणार, आणि मग तुम्ही क्रेन आणून लॅपविंग उचलणार. तुम्ही असं केलंय. तिनं बघितलंय. एका म्हाताऱ्याची बोट उचलताना खिडकीतून त्याच्या कुंड्या एकेक खाली पडत होत्या आणि तो प्रत्येकीला नावानं हाक मारत होता.

तिनं किटली ठेवली. कप घेतला. शेगडीत कोळसा सारला. आणि सवयीनं कमरेच्या पट्ट्याला हात घातला, हँडल काढून दाराशी टांगायला. पट्टा रिकामा होता.

ती बसली. हँडल लॉकवर राहिलं होतं. हँडल राहिलं म्हणजे झडप उचललेलीच राहिली, कारण झडप पाडल्याशिवाय हँडल काढायचंच नसतं, काढलं की पट्ट्यात, पट्ट्यातून दाराशी. हे तिचं हाताचं गणित होतं, डोक्याचं नव्हे. खालची झडप उघडी. वरचं दार गळकं. म्हणजे दोन लॉकांमधला हा छोटा कालव्याचा तुकडा, जिथं अल्डरची झाडं आहेत, तो हळूहळू, कुणाला न कळता, लॉकमधून खाली रिकामा होत होता. आत्ता. ती बसली होती तिथं, तिच्याच बोटीखाली, येत होता. आत्ता उठलं पाहिजे. हे तिला स्वच्छ कळलं होतं. किटली शिटी घालायला लागली. तिनं उठून ती उतरवली आणि पुन्हा बसली.

विसरले, ती स्वतःशी म्हणाली. विसरलेच. पण हात रिकामा आहे हे हाताला कळत नाही का? मोजे विणायच्या कारखान्यात तिनं अर्धं आयुष्य काढलं, तिथं सुई निसटली की डोळ्यांच्या आधी बोटाला कळायचं. तो कारखाना गेला, त्याच्या भरपाईत ही बोट आली, आणि पहिला हिवाळा तिनं एकटीनं असा काढला की वसंतात दुकानात बोलायला गेली तर आवाज फुटेना. मग हेझल आली. नवरा सोडून आलेली, दोर गळ्यात घालून घेईल इतकी अडाणी, बोट काठावर आपटली की बोटीची माफी मागणारी. तिला डोरीननं सगळं शिकवलं. दोर सैल कसा ठेवायचा, कारण पाणी चढतं उतरतं. दुसऱ्याच्या बोटीवरून काठाला जायचं तर पुढच्या डेकवरून, मागच्या नव्हे, आणि आधी हाक द्यायची, मऊ पावलांनी. पाणी उतरताना हँडल कधी हातातून सोडायचं नाही. हेझलनं त्या हँडलला लाल लोकर विणून दिली होती, थंडीत हात चिकटू नये म्हणून. आणि पहाटे पहाटे, लॅपविंगच्या लोखंडी भिंतीला पाठ लावून डोरीन पडलेली असायची, पलीकडं वीतभर हवा, मग जुनिपरची भिंत, आणि त्या भिंतीला हेझलची पाठ. खोकला ऐकू यायचा. कूस बदललेली कळायची. लग्नात सुद्धा माणसं इतकी जवळ नसतात, आणि इतकी सुरक्षितही नसतात, मधे दोन लोखंडी भिंती. या नऊ वर्षांत डोरीननं तिला एकदाही म्हटलं नव्हतं, की मी पुढच्या वर्षी येईन, माझी जागा ठेव. म्हणायचं कशाला? दोर ठेवलेले असायचे ना.

आता त्या भिंतीला त्या लाल हातमोज्यांची पाठ लागणार. तिला खोकला ऐकू येणार. तिला कळणारही नाही की हा खोकला कोळशानं होतो, पावसानं नाही. डोरीन बसून राहिली आणि तिला दिसत होतं: पाणी काठापासून बोटभर खाली, मग वीतभर. जुनिपरचा काठाकडचा तळ पाण्याखालच्या दगडी पायरीवर टेकला असेल. निळी बोट बाहेरच्या खोल चिखलाकडं जात असेल, दोर ताणले असतील. टॅमसिनचे कप सरकत असतील, सुबक कप, मातीचे, हातानं केलेले असणार. सरकू देत. एखादा पडू दे. हेझल ओरडेल, ‘डोरीन!’ टॅमसिन म्हणून कशी ओरडेल? टॅमसिनला काय येतंय? डोरीन म्हणूनच ओरडेल. या विचारानं तिला जे वाटलं त्याला गोड म्हणायची तिची हिंमत झाली नाही, पण ते गोड होतं. चहा केलाच नव्हता. किटली निवली. बाहेर उजेड पिवळा व्हायला लागला. आणि मग तिला आठवण झाली. कपांची नव्हे, शेगडीची. दोन्ही बोटींत निखारे फुललेल्या शेगड्या, आणि वाकडी होत चाललेली जमीन.

कंबर कुठं दुखत होती तिला माहीत नाही. ती काठवाटेनं पळाली, एका बुटाची नाडी सुटलेली. टॅनर्स लॉकवर झडप पडलेली होती. आणि दांडा रिकामा होता. हँडल तिथं नव्हतं. ते नसणं तिनं बघितलं आणि तशीच पुढं गेली. झाडांखाली पाणी नव्हतंच म्हणायला हरकत नाही, काळा चिखल आणि त्यात एक सायकल नि बाटल्या. जुनिपर काठाच्या पायरीवर अडकून एका कुशीवर झुकली होती, आणि निळी बोट दुसऱ्या बाजूला कलून तिच्या गळ्यात लोंबकळत होती. दोघींमधले दोर तारेसारखे ताठ. टॅमसिन कललेल्या डेकवर गुडघ्यांवर बसून स्वयंपाकाची सुरी घेऊन दोर कापायला निघाली होती.

“सुरी टाक!” डोरीन ओरडली. “टाक आधी! तुटलेला दोर तोंडावर बसला तर डोळा घेऊन जाईल!”

“आत निखारे आहेत, डोरीन! शेगडीचं दार उघडायला लागलंय!”

“हेझल कुठंय?”

“वरच्या लॉककडं, पाणी सोडायला.”

डोरीन जुनिपरच्या पुढच्या डेकवर चढली. तिरप्या लोखंडावर बूट घसरत होता. आपण हाक न देता चढलो हे तिच्या ध्यानात आलं. तिथून ती निळ्या बोटीच्या खुंटाशी पोचली आणि गाठ बघितली. वाकडी होती, पण तिचीच होती. दुसरी कुठलीही गाठ असती तर आता दगड झाली असती. तिनं फासा उचलला, वेढ्यांवर तळवा दाबला आणि दोराला थोडं थोडं जाऊ दिलं. दोर कुरकुरत, वाफ सोडत गेला. “मागचा तू सोड,” ती म्हणाली. “मी म्हणेन तेव्हा. बोटानं नको, तळव्यानं. आता. थांब. आता.” निळी बोट इंचाइंचानं त्यांच्या हातांतून चिखलात बसली, सरळ झाली, आणि आत काहीतरी खळकन फुटलं.

“कप?” डोरीननं विचारलं.

“आईच्या घरचा,” टॅमसिन म्हणाली, आणि रडायच्या ऐवजी हसली, आणि मग रडली. डोरीननं तिचा हातमोजा धरला. तो आतून ओला होता. तिला या बाईचा अजूनही राग येत होता. हात सोडवत नव्हता, हे वेगळं.

हेझल काठवाटेनं आली. वरून सोडलेलं पाणी तिच्या आधी आलं होतं, चिखलावरून पातळ जिभा काढत. तिच्या हातात हँडल होतं. लाल लोकरीचं. तिनं टॅमसिनला आत शेगडी बघायला धाडलं, आणि ती गेल्यावर हँडल डोरीनपुढं धरलं, पण दिलं नाही.

“विसरलीस,” ती म्हणाली, “की ठेवलंस?”

डोरीननं तोंड उघडलं.

“आत्ता नको,” हेझल म्हणाली. “आत्ता सांगशील ते खोटं असेल, इकडचं किंवा तिकडचं. मार्चपर्यंत सांग. उद्या पाणी भरलं की बोट वर आण.”

“कुठं आणू? जागा दोघींची.”

“तिच्या अंगाला बांध. तिसरी.”

“मधे ती?”

“हो. मधे ती.” हेझलनं हँडल काखेत धरलं. “नऊ वर्षं, डोरीन. नऊ वर्षं मी दोर मांडून बसायचे, येशील की नाही याची धाकधूक घेऊन. तू एकदा तोंडानं सांगितलंस का, येते म्हणून? दोर ठेवणाऱ्याचं कधी कुणी बघितलंय का गं? हिनं विचारलं. सरळ विचारलं, मी राहू का म्हणून. मला किती बरं वाटलं, माहितंय?”

ती हँडल घेऊन आत गेली.

रविवारी डोरीननं लॅपविंग वर आणली. लॉकची झडप टॅमसिननं पाडली, उसन्या हँडलनं, आणि हँडल पट्ट्यात गेलं का हे तिनं स्वतः दोनदा चाचपून बघितलं. डोरीननं दोर झेलला, फेकला टॅमसिननं. सोमवारी पहाटे ती भिंतीला पाठ लावून पडली होती आणि पलीकडून कसलंसं गुणगुणणं येत होतं, नव्या बाईचं, बेसूर. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. तिनं श्वास धरून त्या गुणगुणण्याच्या पलीकडं कान नेला, चार लोखंडी भिंतींच्या पार. बऱ्याच वेळानं खोकला आला. बारीक, लांबून. तिनं तो उशीशी धरला. विसरले, ती म्हणाली. मग म्हणाली, ठेवलं. दोन्ही शब्द तोंडात सारखेच बसत होते.

उजाडल्यावर तुमचा माणूस आला. निळं जाकीट, स्वच्छ बूट. खाली टॅनर्स लॉकवर तुमचे मजूर फळ्या उतरवून वाट बंद करत होते, ठोकण्याचा आवाज इथवर येत होता. वरच्या लॉकवर फळ्या आधीच बसल्या होत्या. त्यानं तीन बोटींकडं बघून जीभ टाळ्याला लावली.

“तीन जोडून चालत नाहीत, बाई. दोन. बाहेरची हलवा.”

“का?”

“नियम आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना वाट मोकळी ठेवावी लागते.”

डोरीन पुढच्या डेकवर उभी राहिली. मधल्या बोटीच्या दारात टॅमसिन आली, वाडग्यातली लापशी ढवळत. पलीकडं हेझल उभी होती. तिच्या हातात ते लाल हँडल होतं आणि ती ते छताच्या कडेवर हळूहळू वाजवत होती, टक, टक, डोरीनकडं बघत. डोरीनला ते पाठीत ऐकू येत होतं. म्हणून तिचा आवाज असा चढला की खालचे मजूर ठोकायचे थांबले.

“वर तुम्ही दार बंद केलंत. खाली तुम्ही दार बंद करताय, तो बघा, तुमचाच हातोडा. मार्चपर्यंत इथून बदकाशिवाय काही जाणार नाही. हलवा म्हणता, कुठून हलवू? डोक्यावर घेऊ? वाट अडवते म्हणता, कुणाची? नाव सांगा. आख्ख्या हिवाळ्यात इथून जाणाऱ्या एका बोटीचं नाव सांगा, आणि मी आत्ता दोर सोडते, ही गाठ हातानं सुटते. बघता काय माझ्याकडं? विचारा त्यांना, उबेला बसलेल्यांना, मी इथंच उभी आहे. कुणाची वाट अडवली मी? बोला!”